तीन बोटांचं माप

मोरबी, १२ जानेवारी २०२५

एंजे,

आणि वर म्हणतेस, दादा तू उगाच चिडलास! उगाच? नाताळाच्या दिवशी सारामावशी, तिचे जावई, चर्चची चार माणसं करंज्या खात बसलेली, आणि तू पर्समधून तो दांडीचा आरसा काढून एकेकाचं तोंड उघडायला लागलीस. घोडेगावच्या बाजारात दलाल बैलाचा ओठ वर करतो तसं. "मावशी, तुमची अक्कलदाढ गेली. काका, हिरड्या सुजल्यात." त्यांना गंमत वाटली, त्यांनी आ केलं. मला नव्हतं करायचं. मी हात झटकला, आरसा फुटला, भरून देतो म्हणालो, तरी तू गाल फुगवून बसलीस. आता पत्रात लिहितेस 'चूक दोघांची'. माझी कुठली, तेवढी दाखव.

फोन करू नकोस. फोनवर आपलं भांडण होतं, मी कट करतो, मग आई मला फोन करून रडते. व्हिडिओ तर नकोच, खोलीत आठजण असतात, सगळे डोकावतात. पत्रच बरं. पत्र कट करता येत नाही. आणि आठवीपर्यंत जे काय शिकलो ते दुसरीकडं कुठं वापरायचं? कारखान्यासमोर चहाची टपरी आहे, तिचा पत्ता मागं लिहिलाय. टपरीवाला पत्र जपून ठेवतो.

आता भांडण बाजूला. लई दिवस डोक्यात काही गोष्टी आहेत, त्या सांग.

एक म्हणजे, पहिल्या वर्षाला तू मेणाचे दात कोरायचीस ते कशासाठी? दात काढायला शिकायचं तर दात करायला कशाला शिकवतात? दुसरं, थंड पाणी प्यायलं की कळ कुठून येते? दात तर दगड आहे. दगडाला कशी कळ? इथं मी फरशीच्या कामावर आहे. मातीची भुकटी दाबून फरशी करतात, तिला कच्ची असताना बिस्किट म्हणतात. वर काचेसारखा थर फवारतात आणि भट्टीत भाजतात. वरचा थर कडक, आतलं बिस्किट मऊ. मला सारखं वाटतं, दात असाच असणार. आणि खरं सांग, तू एकटीनं कुणाचा दात उपटलाय का अजून? हात कापला का?

शिर्डीच्या हॉटेलात असताना, पुण्यात पार्सलं वाटताना मला असलं काही सुचायचं नाही. इथं सुचतं. फरश्या डोळ्यांसमोरून सरकत राहतात आणि डोकं रिकामं असतं.

आईला सांग, ठेचा खोलीतल्या पोरांनीच संपवला. मला हल्ली तिखट जमत नाही, गुजरातेत राहून गोडाची सवय लागली.

तुझा,
डॅनी

*

हॉस्टेल, २५ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

सलाम. चूक माझी. आरशाचे पैसे नकोत. आता पुढं जाऊ.

तुझा अंदाज जवळजवळ बरोबर आहे. दाताचा वरचा थर आपल्या शरीरातली सगळ्यात कडक गोष्ट. त्याला काही कळत नाही, मेल्यासारखा असतो. पण त्याच्या खालच्या थरात बारीक बारीक नळ्या असतात आणि नळ्यांत पाणी. वरचा थर झिजला की गार पाणी लागल्यावर आतलं पाणी हलतं, आणि ते हललेलं शिरेला कळतं. फरक एवढाच की तुझ्या फरशीचा थर खराब झाला तर दुसरी फरशी करता येते. दाताचा थर गेला तर परत येत नाही. आणि ऐक, आम्ही दातावर जी टोपी बसवतो ना, तीही चिनी मातीचीच असते. लॅबमध्ये टिफिनएवढ्या भट्टीत भाजतात आणि वर चकाकीचा थर देतात. तुझाच धंदा, छोटा.

मेणाचं म्हणजे, बोटांना दाताचा आकार पाठ व्हावा म्हणून. तोंडात अंधार असतो, रक्त असतं, लाळ असते. डोळ्यांना दिसलं नाही तरी बोटांना ओळखता यायला हवं. पहिल्या वर्षी माझ्या दाढेला मॅडम म्हणाल्या, "ही दाढ आहे की बटाटा?"

दात उपटलाय. एक नाही, बरेच. पहिली पेशंट दगडाबाई नावाची आजी होती. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "बाई, तूच का? मोठी डॉक्टरीण कुठंय?" माझा हात असा कापत होता की चिमटा दातावर टकटक वाजायला लागला. आजीनंच माझं मनगट धरलं. दादा, दात ओढायचा नसतो. आधी आत दाबायचा, मग बाहेर, आत, बाहेर असं हलवत हाडातली जागा सैल करायची. शेळी बांधायची खुंटी आपण जशी काढायचो तसं. सैल झाला की आपणहून हातात येतो. त्याआधी भुलीचं पहिलं इंजेक्शन आम्ही एकमेकींना दिलं होतं. मी वर्गातल्या निकिताला, तिनं मला. दोघींचा अर्धा ओठ बधिर, चहा प्यायला गेलो तर सगळा ॲप्रनवर.

सध्या माझा जीव कवळीत अडकलाय. फायनलच्या परीक्षेला एक बिनदाती पेशंट आपणच आणायचा असतो. मुली पेशंट लपवून ठेवतात, एकमेकींचे पळवतात, त्यांचं बसभाडं देतात. मला घोडेगावचे आबासाहेब मिळालेत, बैलांचे दलाल. आयुष्यभर बैलांचे दात मोजले आणि स्वतःच्या तोंडात एक नाही. आले की पहिलं म्हणतात, "बघ पोरी, मी किती दाती?"

तू नव्या गोष्टी विचारतोस म्हणून एक सांगते. आमच्याकडं मावा खाणारे लोक येतात. त्यांचे दात चांगले असतात, पण तोंड उघडत नाही. सुपारीनं गालाचं आतलं कातडं आवळत जातं, दोरीसारखं घट्ट होतं. त्याला साधं माप आहे. आपलीच तीन बोटं उभी करून पुढच्या दातांच्या मध्ये घालायची. तिन्ही गेली तर ठीक. तुझ्याकडं पोरं मावा खातात का?

तुझी,
एंजेला

*

मोरबी, ९ फेब्रुवारी २०२५

एंजे,

खातात का? अगं इथं चहाआधी मावा लागतो. टपरीवाला प्लास्टिकच्या कागदात सुपारी, चुना, तंबाखू घालून तळहातावर असा चोळतो की आवाज रस्त्यापर्यंत येतो. बारा तासांच्या पाळीला दुसरं काय आहे?

तुझं माप वाचलं आणि मला चैन पडेना. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना भिंतीला ओळीनं उभं केलं. म्हणालो, माझी बहीण दाताची डॉक्टर आहे, तिनं तपासणी सांगितलीय, बोटं धुऊन या. अर्ध्यांनी नाही धुतली. मुकादम पहिला. त्याची तीन गेली आणि तो असा खूश झाला जसं काही बक्षीस लागलं. बिहारचा एक पोरगा आहे, त्यानं चार घातली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. भट्टीवरचा एकजण तीन घालताना शिंकला, स्वतःलाच चावला. गाडी भरणाऱ्या दोघांची अडीच अडीच. त्यांना मी सांगितलं, मावा कमी करा. ते म्हणाले, तू कोण? मी म्हणालो, डॉक्टरचा भाऊ. लई हसले.

पाथर्डीकडचा हनुमंत आहे, माझ्याच खोलीत राहतो. त्याचं जरा वेगळं निघालं. त्याची दोनसुद्धा नीट जात नाहीत. दीड म्हण. त्याला सहज विचारलं तर म्हणाला, वर्षभरापासून असं आहे, आधी तिखटानं आग व्हायची, मग ते आवळल्यासारखं व्हायला लागलं. पूर्वी तो लई भारी शिट्टी मारायचा, आता हवा नुसती निसटते. वडापाव खायचा तर दाबून चपटा करतो. दुखत काही नाही. दुखत नाही म्हणजे काळजीचं नसेल ना? तेवढं विचारून ठेव. हनुमंत घाबरट आहे, डॉक्टरकडं जाणार नाही. आणि हे मावा सोडला की आपोआप परत सैल होतं का, तेही विचार.

खुंटीचं मला पटलं. मी उगाच ओढायचो म्हणून खुंटी तुटायची.

टिफिनएवढी भट्टी! ती किती तापते? आमची भट्टी लांबलचक आहे, एका टोकाला फरशी आत जाते आणि दुसऱ्या टोकाला भाजून बाहेर. आत कुणालाच दिसत नाही. मला एकदा आत बघायचंय.

आबासाहेबांना माझा नमस्कार सांग. लहानपणी त्यांनी मला दातांवरून बैलाचं वय ओळखायला शिकवलेलं, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग सगळे आले की जुळला. बैलाला वरच्या बाजूला पुढं दातच नसतात, हे मी इथं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

डॅनी

*

हॉस्टेल, २१ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

तुझं पत्र मी वर्गात मोठ्यांदा वाचलं. निकिता तर मुकादमावर फिदा आहे. पण हनुमंतचं वाचताना मी थांबले आणि ते मॅडमना वेगळं नेऊन दाखवलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दीड बोट म्हणजे बरंच पुढं गेलंय. दुखत नाही हीच त्यातली वाईट गोष्ट, दुखलं असतं तर माणूस लवकर आला असता. आपोआप परत सैल होत नाही. पण सुपारी तंबाखू आज सोडली तर आहे तिथं थांबवता येतं, आणि गालात इंजेक्शनं देऊन, व्यायाम करून तोंड बरंचसं उघडता येतं. नाही सोडली तर आणखी मिटत जातं. आणि दादा, अशा तोंडात पुढं कॅन्सर होऊ शकतो. सगळ्यांना होत नाही. पण कुणाला होणार ते आधी कळत नाही, म्हणून बघत राहावं लागतं. गाल बघितल्याशिवाय त्या यापेक्षा जास्त सांगत नाहीत.

त्याला म्हणावं, गावी येशील तेव्हा आधी आमच्या कॉलेजात ये. पाथर्डीहून लांब नाही. केसपेपरचे थोडे पैसे लागतात, बाकी मी बघते. तू विसरशील किंवा थट्टेवारी नेशील म्हणून मी हनुमंतला टपरीच्याच पत्त्यावर वेगळं पत्र टाकलंय. घाबरून जाऊ नये असं नीट लिहिलंय.

आबासाहेबांचं माप घ्यायला तोंडात मऊ पेस्ट भरून ठेवायची असते, ती घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. आबासाहेब तेवढ्यात बोलायला लागले. बैलाचा भाव सांगत होते. माप गेलं, दुसऱ्यांदा घेतलं. तेव्हा म्हणतात कसे, "बैल उभा राहतो गप, मला काय झालंय!"

लॅबची भट्टी नऊशेच्या वर जाते. दार उघडलं की आत केशरी दिसतं. तू आलास की दाखवीन.

एंजेला

*

मोरबी, ६ मार्च २०२५

एंजेलाताई यांस हनुमंतचा रामराम.

तुमचं पत्र टपरीवाल्यानं दिलं. मला कुनाचं पत्र येत न्हाई, म्हनून आधी वाटलं बँकेचं हाय. वाचलं आन कायबी कळंना. ताई, मी मावा खात न्हाई. सुपारीचं खांडबी तोंडात घालत न्हाई, आमच्या घरात कुनीच न्हाई खात. तुमचं पत्र वाचून आरशाम्होरं बोटं घालून बघितली, चार जात्यात. शिट्टी मला कदीच येत नव्हती.

मग ध्येनात आलं.

ताई, चहाडी करायची न्हाई, पर तुमी डॉक्टर हाय म्हनून सांगतो. डॅनीभाऊ भाकर खात न्हाई. चपाती चहात बुडवून, न्हाईतर भातावर दूध घालून खातो. जांभई आली का गालाला हात लावून बसतो. मी इचारलं तर म्हनला, भट्टीच्या गरमीनं व्हतं. त्या दिवशी समद्यांची बोटं मोजली, मी म्हनलं आता तुजी बघू, तर म्हनला डॉक्टर सोताला तपासत न्हाई. समदे हसले. मीबी हसलो.

हितं भीमा म्हनून एकजन हुता, गालाच्या आतल्या जखमेचा दवाखाना केला, परत आला तवा तोंड बांधलेलं. मग गावी गेला तो गेलाच. तवापासून भाऊ दवाखान्याचं नाव काढू देत न्हाई.

मी लिव्हलं हे त्याला सांगू नका. सांगितलं तरी हरकत न्हाई, मी काय त्येला भीत न्हाई. मानूस चांगला हाय.

हनुमंत

*

हॉस्टेल, १४ मार्च २०२५

दादा,

हनुमंतची चार बोटं जातात.

मी शाळेतून येताना दिसले की शेवगावच्या घराच्या गच्चीवरून तू शिट्टी मारायचास. आणि मी ते तुझं पत्र वर्गात वाचून हसले. मॅडमना नाव हनुमंतचं सांगितलं. दाताची डॉक्टर म्हणे!

रजा घे आणि ये. आईला मी काही सांगितलेलं नाही. येशील त्या दिवशी मी सुट्टी काढीन.

एंजेला

*

मोरबी, २४ मार्च २०२५

एंजेला,

आता कळलं सगळं. नाताळाला आरसा घेऊन फिरत होतीस ते का, तेही कळलं. तुम्हाला परीक्षेला पेशंट आपणच आणायचे असतात, तूच लिहिलंस. मुली एकमेकींचे पळवतात, बसभाडं देतात. कवळीला आबासाहेब मिळाला, गालाला कोणी मिळेना, मग भाऊ आहेच. वर्गात वाचून दाखवलंस, मॅडमना नेऊन दाखवलंस. उद्या मला खुर्चीत बसवून वीस पोरींना म्हणशील, बघा गं, दीड बोट. मी तुझ्या वहीतली ओळ होणार नाही.

आणि हनुमंतला मधे घालायचं काय कारण? एका खोलीत राहतो आम्ही. आता तो माझ्याकडं असा बघतो जसं मी उद्या मरणार आहे. त्याच्याशी मी दोन दिवस बोललो नाही.

मावा, मावा! तुम्हाला बोलायला काय जातं. बारा तास एका जागी उभं राहून फरशीला चीर आहे का ते बघायचं. डोळा मिटला की चीर सुटते, चीर सुटली की पगारातून कापतात. मावा नसता तर पाळी निघाली नसती. पाळी निघाली नसती तर तुझी फी निघाली असती का? तिखट नाही खाल्लं म्हणून माणूस मरत नाही. तोंड कमी उघडलं म्हणून मरत नाही. उलट कमी बोलेन, तुलाच बरं.

भीमाचं हनुमंतनं लिहिलं असेल. त्याचंही दुखत नव्हतं. दवाखान्यात गेला आणि त्यांनी बघितलं म्हणून सगळं झालं. नसतं बघितलं तर अजून आमच्या लायनीवर असता.

पैसे वेळेवर येतील. पत्र नको.

डॅनी

*

हॉस्टेल, ११ मे २०२५

प्रिय दादा,

तू पत्र नको म्हणालास, मी थांबले. मधे तुझे पैसे आले, त्याच्यासोबत एक ओळ नव्हती. टपरीवाल्याला फोन केला होता, तो म्हणाला, आहे, कामावर आहे. म्हणून हे लिहिते. फाडलंस तरी हरकत नाही, निदान आधी वाच.

परीक्षा झाली. आबासाहेब आले. पहाटेच्या गाडीनं आले, धोतर पांढरंशुभ्र, जसं काही बाजाराला निघालेत. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी तोंड उघडा म्हटल्यावर त्यांनी उलट सरांनाच विचारलं, "तुमचं वय किती साहेब?" मला वाटलं गेलं माझं वर्ष. पण कवळी बसली. पास होईन असं वाटतं. नंतर मी त्यांना बसला सोडायला गेले तेव्हा त्यांनी मला एक सांगितलं. बाजारात सगळ्यात आधी तोंड मिटतो तो आजारी बैल. चांगला बैल ओठ वर करू देतो. म्हणाले, "मला ह्यातलं काय कळत न्हाई, पर घरात कुनी तोंड मिटून बसलंय का? तुझा चेहरा सांगतोय." त्यांनी मक्याचं कणीस घेऊन दिलं.

आता तुझ्या पत्राचं. गालाचे आजार बघणारा विभाग वेगळा आहे. तिथले माझे सगळे पेशंट फेब्रुवारीतच पुरे झालेत, परीक्षाही झाली. तू आलास तर मला वहीत एकही सही मिळणार नाही, एक मार्क मिळणार नाही. तुझ्या तोंडाला मी हातसुद्धा लावणार नाही. मॅडम बघतील, दार बंद करून, आणि मी बाहेर बाकावर बसेन. बसू नकोस म्हणालास तर तिथंही बसणार नाही.

नाताळाला मात्र मी चुकले. मला तेव्हा सगळ्यांना दाखवायचं होतं की मी किती शिकले. तुझा गाल मला दिसला असता तर ओळखता आला असता, पण मी बघत नव्हते, मी मिरवत होते.

फीचं तू लिहिलंस. ते मला दिवसभर ऐकू येतं. खुर्चीत मावा खाणारा कुणी बसला की मला वाटतं, ह्याच्या घरी कोण शिकतंय? तेवढं कळल्यावरही मी तुला ये म्हणते, कारण यापुढं माझी फी नाही. यापुढं इंटर्नशिप आहे, थोडे पैसे मलाही मिळतील.

भीमाचं दुखत नव्हतं, पण जखम आधीची होती. त्यांनी बघितली म्हणून झाली नाही. उशिरा बघितली. तू असा माणूस आहेस, फरशीच्या आत काय, भट्टीच्या आत काय, दाताच्या आत काय, सगळं तुला बघायचं असतं. जगात एवढी एकच जागा आहे जिथं तू बघत नाहीस, आणि ती तुझ्या नाकाखाली आहे.

सोबत लाकडाच्या काड्या पाठवते, आइस्क्रीमच्या असतात तशा. हा कुठला डाव नाही, हा व्यायाम आहे, आम्ही सगळ्यांना देतो. काड्या एकावर एक रचायच्या, पुढच्या दातांच्या मध्ये धरायच्या, मोजून शंभर म्हणेपर्यंत ठेवायच्या. जमलं की एक काडी वाढवायची. जोर करायचा नाही. किती जातात ते मला कळवलंच पाहिजे असं नाही.

तुझी,
एंजेला

*

मोरबी, १ जून २०२५

एंजे,

तेरा जातात. चौदावीला कानाखाली ताण बसतो. चांगल्या माणसाच्या किती जातात? हनुमंतच्या चोवीस गेल्या आणि तो आणखी मागत होता, मी थांबवला.

काड्या आल्या तशा मी पाकीट खिडकीत टाकून दिलेलं. तिथून बिहारच्या पोरानं त्या घेतल्या आणि खेळायला लागला. हळूहळू सगळेच. मग मीही. व्यायाम म्हणून नाही, किती जातात ते बघायला. पुढं काय झालं तुला माहीतच आहे, एकदा मोजायला लागलं की मला राहवत नाही.

परवा कारखान्याच्या संडासातल्या आरशात मोबाईलची बॅटरी लावून गाल बघितला. आधी नुसता दातच दिसला. मग बोटानं ओठ बाजूला ओढला. एंजे, आत लाल असतं ना? माझं लाल नाही. पांढरट आहे, जागोजागी, भट्टीत जायच्या आधीच्या फरशीसारखं. बोट फिरवलं तर आत उभ्या दोऱ्या लागतात. दोन्ही गालांना. मी बराच वेळ बघत होतो, बाहेर माणसं दार वाजवायला लागली. जखम नाही कुठं. मी चारी बाजूंनी बघितलं. दाढेच्या मागं मला दिसत नाही, तिथं तुमचा दांडीचा आरसा लागतो.

आता हे सांग. ते कातडं पांढरं का पडतं? रक्त जात नाही म्हणून? इंजेक्शन दोरीत देतात का दोरीच्या खाली? त्यात काय असतं जे दोरी सैल करतं? आणि सैल केलेली परत आवळते का? भूल देतात ना आधी? मॅडमचा हात हलका आहे का? तुझ्या पहिल्या पेशंटच्या वेळी चिमटा टकटक वाजला तसं नको.

मावा सुटला असं लिहिणार होतो, पण सुटलेला नाही. तीन दिवस सोडला, चौथ्या दिवशी पाळीवर डोळा लागला आणि परत घेतला. हनुमंतनं टपरीवाल्याला सांगून ठेवलंय, ह्याला देऊ नको. टपरीवाला देत नाही, मी लांबच्या टपरीवर जातो. तिथं जायला वीस मिनिटं लागतात, म्हणून आपोआप कमी झालाय. हे खरं ते लिहिलं. येईन तेव्हा मॅडमना तू नको सांगू, मीच सांगीन.

तुझ्या वहीतली ओळ होणार नाही म्हणालो होतो. तसं लागलं तर हो, मला चालेल. वीस पोरी बघू देत. फक्त त्यांतली एकजण तरी मला नीट समजावून सांगणारी पाहिजे. आणि तू बाकावर बाहेर बसू नकोस, आत ये. मला आ केल्यावर बोलता येणार नाही, माझे प्रश्न कोण विचारणार?

आईला मी स्वतः सांगीन, घरी आल्यावर, जेवताना. दूधभात बघितला की तिला कळेलच.

मुकादमाकडं महिन्याची रजा मागितली. बिनपगारी आहे. तो म्हणाला, परत आलास तर जागा असेल याची खात्री नाही. मी म्हणालो, बरं. नाहीतरी एका जागी मी कधी टिकलोय? नगरपर्यंतचं तिकीट काढलं, सतरा तारखेची गाडी. इंजेक्शनाला आणि केसपेपरला किती लागतील ते माहीत नाही म्हणून थोडे माझ्याकडं ठेवलेत. त्यामुळं या महिन्याला तुला नेहमीचे आठ हजार जमत नाहीत. मेसचं आधी भागव, बाकीचं थांबवता येईल ते थांबव.

तीन हजार दोनशे पाठवतोय.

डॅनी